कन्हान खोऱ्याचं उदाहरण

शोभा पौनीकर नोकरीला लागली तेव्हा त्या ऑफिसात कॉम्प्युटर नव्हता. हाताने दांडा फिरवायची गणनयंत्रं होती, जड, हिरव्या रंगाची. दिवसभर त्यांची खडखड ऐकून ती तांडापेठेत घरी परतली की वडिलांच्या मागाचा आवाज तिला ऑफिसचाच पुढचा भाग वाटे. बळीराम पौनीकर तोवर एकच माग चालवत होते. दुसरा कधीचा मोडून जळणाला गेला होता.

"काय करता वं तुम्ही तिथं?" बाबांनी एकदा विचारलं.

"विहिरींचं पाणी मोजतो आम्ही."

"ऑफिसात बसून?"

तिला हसू आलं, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. भूजलाचा अभ्यास करणारी ती सरकारी संस्था शहराच्या पश्चिमेला होती. तिथल्या टेबलांवर खोऱ्याखोऱ्यांतल्या विहिरींचे आकडे यायचे आणि त्यांवरून पुढचं पाणी किती राहील याचा हिशेब व्हायचा. विहीर प्रत्यक्ष पाहिलेला माणूस त्या मजल्यावर एकच होता. देवाजी गणवीर.

गणवीर सर मूळचे इंदोऱ्याचे. वडील कापडगिरणीत होते. छप्पन्न साली दीक्षेच्या दिवशी ते वडिलांच्या शेजारी पांढरा सदरा घालून उभे होते, आणि त्या दिवसाबद्दल बोलताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू व्हायचा. रात्रीच्या कॉलेजात गणित शिकले आणि नोकरी लागली ती मापकाची. पाठीला पिशवी, हातात खडू फासलेला फीत-टेप. कन्हान नदीच्या दोन्ही अंगांची गावं पायी पालथी घालायची, टेप विहिरीत सोडायचा, खडू कुठवर ओला झाला ते पाहायचं. काही गावांत त्यांना कठड्याजवळ येऊ देत नसत. गावातलाच कोणी टेप सोडून आकडा ओरडून सांगे आणि सर तो लिहून घेत.

"मले काही भरोसा वाटे नाही," ते शोभाला सांगायचे. "मंग मी दुपारी जाओ. उन्हात कोणी राहत नाही विहिरीवर. गुपचूप आपला टेप टाकाचा अन् निघाचं."

"पाणी प्यायचे का सर, तेव्हा?"

"पाणी मोजाले गेलो होतो वं, प्याले नाही."

हे ते हसून सांगत. बहात्तर सालच्या दुष्काळात तर त्यांनी अशा विहिरी मोजल्या की टेपचा खडू कोराच्या कोरा वर यायचा. त्या वर्षानंतर ते कार्यालयात आले, परीक्षा देऊन वर चढले, आणि फोरट्रान नावाची भाषा शिकले. शोभाला ती त्यांनीच शिकवली. सुरुवातीला बाबांनी तिला विचारलं होतं, "त्याच्या घरी जेवतेस काय?" ती हो म्हणाली होती. दोन-तीन वर्षांनी बाबा स्वतःच गणवीरांच्या अंगणात खाट टाकून बसायला लागले. मग तो प्रश्न राहिला नाही.

पुढे सरांनी आणि शोभाने मिळून प्रोग्रामांचा एक संच लिहिला. त्याचं नाव ठेवलं 'जलमान'. कल्पना अशी की जिल्ह्याच्या ऑफिसातल्या साध्या माणसानेही आपल्या विहिरींचे आकडे घालावेत आणि पाणी किती उपसता येईल ते काढावं. संचाबरोबर एक पुस्तिका होती. तीत प्रत्येक प्रोग्रामखाली एक उदाहरण छापलं होतं: हे आकडे घाला, ही आज्ञा द्या, हे उत्तर यायला हवं. ते आलं तर तुमच्या मशीनवर संच नीट बसला असं समजायचं.

सगळी उदाहरणं लहान होती. एक सोडून. शेवटचं उदाहरण म्हणजे अख्खं कन्हान खोरं. सरांनी मोजलेल्या सगळ्या विहिरी, आणि महिन्यामागून महिना असा तीस वर्षांचा पाऊस. प्रत्येक महिन्याला प्रोग्राम सगळ्या खोऱ्यावरून पुन्हा पुन्हा फिरायचा, पाणी इकडून तिकडे सरकवायचा, आणि सगळं स्थिर झालं की मगच पुढच्या महिन्याकडे जायचा. त्याला फार वेळ लागे. एकोणऐंशीमध्ये ते मुंबईच्या एका केंद्रावर चालवलं होतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. पंचकार्डांचे गठ्ठे बांधून रेल्वेने पाठवायचे. तिकडची माणसं काही वर्षांचा तुकडा चालवत, मशीन थांबलं की तिथवरची स्थिती कार्डांवर काढून ठेवत, आणि वेळ मिळेल तेव्हा तिथून पुढे. कागद वाचवण्यासाठी छापलं जायचं ते फक्त शेवटचं कोष्टक. तेच पुस्तिकेत उत्तर म्हणून गेलं.

ते कोष्टक पाहून सर खूश झाले नव्हते.

"पाणी जरा वरच राहिलं, नाही का?" ते म्हणाले होते. "तुकडे जोडतानी कुठं चुकलं असंन तर?"

पण तपासायला मार्ग नव्हता. मधले कागद नव्हते आणि कार्डांना पावसाळ्यात बुरशी लागली. ती शंका त्यांच्या मनात राहून गेली.

पंच्याऐंशी साली ऑफिसात टर्मिनलवालं मशीन आलं आणि पाठोपाठ दिल्लीच्या समितीचं पत्र आलं. जलमान सगळ्या राज्यांना द्यायचं ठरलं होतं. अट एवढीच की पुस्तिकेतलं प्रत्येक उदाहरण समितीच्या मशीनवर जसंच्या तसं चाललं पाहिजे, आणि प्रत्येकाला दहा मिनिटं. एकही अडकलं तर संच परत. पाठवण्याआधीची तपासणी संचालकांनी शोभाकडे दिली.

ती कामाला लागली. काही उदाहरणं लगेच निघाली, काही रेंगाळली. रेंगाळणाऱ्यांचं तिने एकेक पाहिलं. एकात पन्नास विहिरी होत्या, तिथे पाच केल्या. शिकणाऱ्याला समजायचं ते पाचांतही समजत होतं. एकात उत्तर गरजेपेक्षा बारीक काढलं जात होतं, ते सैल केलं. नवं उत्तर जुन्याशी ताडताना शेवटचा अंक ती सोडून द्यायची. ते सरांनीच शिकवलं होतं: मशीन बदललं की शेवटचा अंक बदलतोच, त्याच्यावर जीव टाकायचा नाही. महिनाभरात सगळी उदाहरणं दहा मिनिटांत बसली. राहिलं कन्हान खोरं. त्याला दहा मिनिटं काय, दहा तासही पुरे नव्हते.

ती सरांकडे गेली. तेव्हा ते जेवणाचा डबा न उघडता तसाच परत नेऊ लागले होते, पण त्याचा अर्थ अजून कोणाला कळला नव्हता.

"सर, एक गाव घेऊ. पाच विहिरी, एक वर्ष. मिनिटात होते."

"ते गाव झालं. खोरं कुठं राहिलं त्याच्यात?"

"मग असंच ठेवू, पण वर लिहू की हे उदाहरण चालवू नये, वाचण्यापुरतं आहे. समिती तशी सूट देते. त्यांचा माणूस ते सोडून पुढं जाईल."



"जे कोणी चालवूनच पाहाणार नाही, त्याचं उत्तर छापाचं काहून?" सर म्हणाले. "चालवाले लागते म्हणून तर उदाहरण. नाही तं ती गोष्ट झाली." आणि मग, "तू काही कर शोभा, पण एकदा पूर्ण चालवून पाहा. एका दमात. मले ते उत्तर पाहाचं आहे."

तिने संचालकांकडे मशीन मागितलं. ते भले गृहस्थ होते, पण पगारपत्रकंही त्याच मशीनवर निघत. "एका उदाहरणासाठी मशीन अडवून ठेवायचं, पौनीकरबाई? ते गाळा ना," ते म्हणाले. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत देतो म्हणाले.

दिवाळीत मशीनवर चंद्रभान होता. तो ऑपरेटर, शोभाताईंच्या शब्दाखातर सणाला घर सोडून आला होता. प्रोग्राम सुरू केला आणि दोघं पाळीपाळीने बसले. भाऊबीजेच्या दुपारी खोऱ्याचा हिशेब एकोणीसशे साठ साल ओलांडून बराच पुढे आला होता. तेव्हा दिवे क्षणभर मंद झाले आणि परत आले. चंद्रभान उठला, पडद्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बसला. मशीन नव्याने सुरू झालं होतं. आतलं सगळं गेलं होतं.

"परत लावू ताई," थोड्या वेळाने तो म्हणाला. सुट्टी संपायला एकच दिवस उरला होता, आणि तो पुरणार नव्हता.

मधली स्थिती साठवत जाईल असा बदल प्रोग्राममध्ये करता आला असता. पण तुकडे जोडूनच तर ती शंका निर्माण झाली होती. सरांना एका दमात हवं होतं.

डिसेंबरात सरांचं दुखणं कळलं. यकृताचा कर्करोग, आणि बराच पुढे गेलेला. त्यांना दवाखान्यात ठेवलं. समितीची तारीख जानेवारी अखेरची होती. शोभाने आणखी एक रविवार मागून घेतला. त्या दिवशी एसी बंद पडला, खोली तापली आणि चंद्रभानला मशीन बंद करावं लागलं. सोमवारी ती संचालकांकडे गेलीच नाही. जागेवर बसली, काठावरचं एक गाव निवडलं, त्यातल्या पाच विहिरी, एक वर्ष. उदाहरण मिनिटाच्या आत संपलं. ते तिने शेवटचं उदाहरण म्हणून घातलं. मोठं कोष्टक मागे परिशिष्टात ढकललं आणि वर ओळ टाकली: 'हे उदाहरण तपासणीत चालवू नये. वेळ फार लागतो.'

संच पास झाला. समितीचं अभिनंदनाचं पत्र आलं. छापलेली पुस्तिका घेऊन ती दवाखान्यात गेली तेव्हा उन्हाळा लागला होता. सर इतके वाळले होते की चादरीखाली माणूस आहे असं वाटेना. कांताबाई, त्यांच्या पत्नी, पायाशी बसून होत्या. शोभाला पाहून त्या चहा सांगायला बाहेर गेल्या.

सरांनी पुस्तिका छातीवर ठेवली, उघडली नाही.

"चाललं का वं? खोरं?"

ती वाक्य घोळवत आली होती. दिवे गेले, एसी गेला, आता नवं मशीन येतं आहे, त्यावर करू. ते सगळं तिला सांगता येईना. नवं मशीन येईपर्यंत हा माणूस राहणार नव्हता.

"चाललं, सर."

"एका दमात?"

"हो. परवाच्या सुट्टीत."

"शेवटच्या विहिरीचं पाणी किती खाली आलं?"

पुस्तिकेतला आकडा तिला पाठ होता. "नऊ पॉइंट चार दोन सहा."

सरांनी डोळे मिटले. "म्हणजे जुळलं."

"जुळलं, सर."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता, "जा आता. उन्हं वाढून राहिली."

दवाखान्याचा जिना उतरताना तिचे पाय थांबले. तिने शेवटचा अंकसुद्धा तोच सांगितला होता. दुसऱ्या मशीनवर शेवटचा अंक तोच येत नाही. एवढ्या मोठ्या हिशेबात तर कधीच नाही. हे ज्यांनी तिला शिकवलं त्यांनाच ती तो आकडा सांगून आली होती. त्यांना कळलं होतं. कळल्यावर त्यांनी बरं झालं म्हटलं होतं. ती तिथेच पायरीवर बसली. लोक बाजूने चढत-उतरत राहिले. परत वर जाऊन खरं सांगावं, असं मनात आलं, पण खरं सांगून त्यांच्या हाती काय द्यायचं होतं? ती घरी गेली. पुढच्या आठवड्यात सर वारले.

नवं मशीन दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आलं. ते इतकं वेगवान होतं की लोक मुद्दाम पाहायला येत. शोभाने कोणाला न विचारता त्यावर खोरं लावलं आणि डबा खायला गेली. परत आली तर हिशेब अर्ध्यावर होता. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आधी तो पूर्ण झाला. एका दमात.

शेवटच्या विहिरीचं पाणी तेरा मीटरच्या खाली गेलं होतं.

आधी तिला स्वतःचीच चूक वाटली. चार दिवस ती वर्षं वेगवेगळी काढून पाहत राहिली. कोणतंही वर्ष बदललं तरी छापलेलं कोष्टक जुळेना. मग तिने बहात्तरच्या जागी एकाहत्तरचाच पाऊस पुन्हा घालून पाहिला, आणि उत्तर आलं नऊ पॉइंट चार दोन. फक्त शेवटचा अंक वेगळा. मुंबईत तुकडा जोडताना बहात्तरचा गठ्ठा चढलाच नव्हता. एकाहत्तरचा दोनदा वाचला गेला होता. गठ्ठे तिने बांधले होते, सरांनी तपासले होते, चढवले तिकडच्या माणसांनी. चूक कोणाच्या हातची, ते आता कोणीच सांगू शकत नव्हतं. प्रोग्राम बरोबर होता. उत्तर मात्र अशा खोऱ्याचं होतं की ज्यात दुष्काळ पडलाच नाही. कोरा खडू वर आलेल्या त्या विहिरी ज्या माणसाने मोजल्या, त्याच्याच उदाहरणातून ते साल गळालं होतं.

ती संचालकांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"पण ते उदाहरण चालवू नये असं तुम्हीच लिहिलंय ना? मग कोण चालवणार? कोणाला कळणार?"

"चालवणार नाहीत साहेब, पण वाचतात. कोष्टक छापलेलं आहे."

"उदाहरणच आहे ते, बाई. उदाहरण म्हणजे खरे आकडे थोडेच." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "जलमान तसंही जाणार आहे. बाहेरचं पॅकेज येतंय. गणवीर गेले, आता त्यांचं नाव कशाला खाली आणता?"

तिने दुरुस्तीचा एक कागद टाइप केला आणि जिथे जिथे पुस्तिका गेली तिथे पाठवला. कुठूनच उत्तर आलं नाही. मग एकदा जिल्ह्याच्या ऑफिसातला एक ओव्हरसियर कामासाठी आला. तिने सहज विचारलं, कन्हानकाठच्या नव्या विहिरींना मंजुरी कशावर देता. तो म्हणाला, "तुमच्याच पुस्तकावर ना. मागे पूरं कोष्टक तयार आहे. पुन्हा हिशेब कोण करते?"

"आणि दुरुस्तीचा कागद?"

"आला असंन," तो म्हणाला. "फाइलले लागला असंन."

त्या वर्षात किती विहिरींना मंजुरी गेली हे तिने विचारलं नाही. एका रविवारी ती बसने कन्हानला गेली आणि तिथून पुढे पायी निघाली. पहिल्याच गावाबाहेर नवी विहीर खणणं चालू होतं. माणसं खोल उतरली होती, वर फक्त फावड्यांचा आवाज येत होता. कठड्याशी उभ्या असलेल्या बाईने विचारलं, "कोणाकडं आल्या?" शोभाला काहीतरी सांगायचं होतं. कोणत्या अधिकाराने, काय म्हणून, ते तिला जुळवता आलं नाही. खणायला घेतलेल्या विहिरीवर उभं राहून इथे पाणी लागणार नाही असं सांगणाऱ्या बाईचं कोण ऐकतं. "रस्ता चुकला," ती म्हणाली आणि बसथांब्याकडे वळली.

सरांना जाऊन वर्ष झालं तेव्हा कांताबाईंनी बोलावलं. इंदोऱ्याच्या घरासमोर मांडव घातला होता. भन्तेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण दोन शब्द बोलायला उठले. कांताबाई शोभाजवळ येऊन बसल्या.

"तुम्ही बोला ना. त्यायचं काम तुम्हालेच ठाव आहे."

"काय बोलू वहिनी?"

"तेच, मोठं उत्तर जुळलं म्हणून. तुम्ही जाऊन गेल्यावर मले म्हणाले, 'कांता, शोभानं खोरं चालवलं, पूरं बरोबर निघालं.' लय समाधानात होते. पोरं तेव्हा तिथं नव्हती, त्यायले ठाव नाही. आज ऐकू द्या."

म्हणजे सरांनी घरीही तेच सांगितलं होतं. तिचं खोटं ओळखून, ते उचलून पुढे दिलं होतं, बायकोला बरं वाटावं म्हणून. आता ते परत तिच्याकडे आलं होतं. प्रोग्राम बरोबर होता, एवढंच सांगावं, ते तर खरं आहे, असं तिने ठरवलं. पण उभी राहिली तेव्हा समोर कांताबाई होत्या, सरांची मुलं होती, मागे सरांचे म्हातारे भाऊ कानामागे हात धरून बसले होते.

"कन्हान खोऱ्याचं सरांचं उत्तर," ती म्हणाली, "पूर्ण जुळलं."

लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी हलकेच साधू, साधू म्हणालं. पंगत बसल्यावर सरांचा थोरला मुलगा वाढायला आला. इंजिनियरिंगला नुकताच लागला होता.

"ताई, बाबांचं ते पॅकेज मले एकदा चालवून दाखवाल का ऑफिसात?"

"ये कधीतरी," ती म्हणाली. नव्या पॅकेजला जागा हवी म्हणून जलमान मशीनवरून काढून टाकण्याचा हुकूम दोनच दिवसांपूर्वी निघाला होता आणि तो तिनेच चंद्रभानकडे दिला होता.

मुलाने वरणाचं पातेलं पुढे नेलं. कांताबाई येऊन तिच्या पानात आणखी भात घालून गेल्या. ती नको म्हणाली नाही. मान खाली घालून जेवत राहिली.